‘फक्त लिनक्ससाठी’ असलेलं ध्वनी-सॉफ्टवेअर विंडोज आणि मॅकवर

योशिमी नावाचा एक सॉफ्टवेअर सिंथेसायझर आहे. तो मोफत आहे, त्याचा सोर्स कोड खुला आहे, आणि त्यातले पॅड (लांबवर तरंगत राहणारे स्वर), घंटा, ऑर्गनचे आवाज असे भरदार की कुठल्याही विकतच्या सिंथेसायझरशेजारी बेलाशक ठेवावेत. कुणाच्या तरी रेकॉर्डिंगमध्ये तो ऐकावा, उत्साहाने डाउनलोड करायला जावं, तर तिथे विंडोजची फाइल नसते आणि मॅकचीही नसते. क्यूट्रॅक्टर आणि रोझगार्डन या सिक्वेन्सरांचंही, म्हणजे सुरांची मांडणी करून वाजवणाऱ्या प्रोग्रॅमांचंही, तेच. गिटारिक्स हा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायरही त्याच्या कर्त्यांनी लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमसाठी म्हणूनच बांधला. बरेच जण इथूनच मागे फिरतात. काही जण लॅपटॉपवरचं सगळं पुसून लिनक्स टाकायच्या तयारीला लागतात. बहुतेक वेळा या दोन्हींची गरज नसते.

एखादं सॉफ्टवेअर फक्त लिनक्सवर चालतं, म्हणजे ते लिनक्समधल्या दोन-तीन ठरावीक गोष्टींना बांधलेलं असतं. त्या कोणत्या, हे आधी पाहायचं. मग स्वतःला विचारायचं, की मला आवाज त्याच क्षणी परत हवा आहे, की थोडा उशीर चालेल? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की कुठला मार्ग धरायचा हे बऱ्यापैकी स्पष्ट होतं. पहिल्या प्रश्नापेक्षा दुसरा जास्त महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच विचारायचा राहून जातो.

सॉफ्टवेअर कशाला बांधलेलं असतं

लिनक्सवर साउंड कार्डाशी थेट बोलणाऱ्या भागाला आल्सा म्हणतात. चेक प्रोग्रॅमर यारोस्लाव किसेला यांनी १९९८मध्ये त्याची सुरुवात केली. २००३च्या अखेरीस आलेल्या २.६ कर्नलपासून (कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा) लिनक्सची ध्वनिव्यवस्था आल्साच आहे. आल्सा दोन कामं करतं. एक म्हणजे कार्डातून आवाज घेणं आणि कार्डाकडे आवाज देणं. दुसरं कमी लोकांना माहीत असतं: मिडीचे संदेश, म्हणजे ‘ही पट्टी दाबली, इतक्या जोरात दाबली’ ही माहिती, एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे पोचवणं. याला आल्सा सिक्वेन्सर म्हणतात, आणि पुढे आपल्याला जी अडचण भेटणार आहे तिचं मूळ पुष्कळदा इथेच असतं.

आल्साच्या वरच्या मजल्यावर जॅक आहे. पॉल डेव्हिस हे आर्डर नावाचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर लिहीत होते, त्या कामातून जॅक जन्माला आलं. त्याची कल्पना फार सुंदर आहे. प्रत्येक प्रोग्रॅमने एकच काम नीट करावं आणि त्यांच्यामध्ये तारा जोडाव्यात, म्हणजे सिंथेसायझरचा आवाज रिव्हर्बमध्ये (आवाजाला घुमारा देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये), रिव्हर्बचा रेकॉर्डरमध्ये, आणि सगळे एकाच ठेक्यावर. नंतर रोजच्या वापरासाठी पल्सऑडिओ आलं आणि अलीकडे विम टायमन्स यांचं पाइपवायर. २०२१च्या फेडोरा ३४ या लिनक्सच्या आवृत्तीत पाइपवायर आपोआप बसणारी ध्वनिव्यवस्था झालं. जॅकसाठी लिहिलेले प्रोग्रॅम त्याच्यावर न बदलता चालतात.

मॅककडे यातलं आल्सा नाही, तिथे कोअर ऑडिओ आणि कोअर मिडी आहेत. विंडोजवर एकावर एक रचलेले थर आहेत. जुनं एमएमई, मग डायरेक्टसाउंड, व्हिस्टापासून वसापी, आणि स्टुडिओवाल्यांसाठी स्टाइनबर्ग कंपनीचं १९९७पासूनचं एसिओ. लिनक्सचा प्रोग्रॅम कंपाइल करून, म्हणजे सोर्स कोडमधून नव्याने बांधून, विंडोजवर आणला, तरी तो आल्साला हाक मारतो आणि तिथे आल्सा नसतं. सोर्स कोड खुला असल्याने फाइलचा साचा बदलणं सोपं. ही हाक बदलणं म्हणजे खरं काम, आणि ते एकदा करून भागत नाही. प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर तीन सिस्टीमांवर तपासणी आली, तिन्हीकडच्या वापरणाऱ्यांच्या तक्रारी आल्या. योशिमीसारखे प्रकल्प मोजकी माणसं आपल्या फावल्या वेळात चालवतात. त्यांनी एकाच सिस्टीमवर उत्तम काम करायचं ठरवलं असेल, तर तो निर्णय मला पूर्ण पटतो.

मात्र यातलं जॅक स्वतः प्रवासी निघालं. फ्रान्समधल्या लियॉंच्या ग्राम या संगीत-संशोधन केंद्रातले स्टेफान लेत्झ यांनी जॅक २ लिहिलं, आणि ते मॅक व विंडोज दोन्हींवर चालतं. म्हणून जे सॉफ्टवेअर फक्त जॅकला बांधलेलं आहे ते हलवणं त्या मानाने सोपं. जे मिडीसाठी आल्सा सिक्वेन्सरला बांधलेलं आहे, उदाहरणार्थ क्यूट्रॅक्टर आणि रोझगार्डन, ते हलवणं अवघड. कुठल्याही प्रोग्रॅमच्या माहितीपानावर ‘काय काय लागतं’ याची यादी असते. तिथे आल्सा दिसतंय की नुसतं जॅक, एवढं पाहिलं तरी पुढचा अंदाज बांधता येतो.

उशिराचं गणित

संगणक आवाज थेंबाथेंबाने नाही, तुकड्यातुकड्याने हाताळतो. या तुकड्याला बफर म्हणतात. पंगतीत वाढपी पानातला भात संपायच्या आत परत आला पाहिजे, तसं प्रोसेसरला आधीचा तुकडा वाजून संपायच्या आत पुढचा तयार ठेवावा लागतो. नाही जमलं, की आवाजात ‘टक्’ असा खंड पडतो. लिनक्सवाले त्याला एक्सरन म्हणतात. तुकडा मोठा केला की प्रोसेसरला सवड मिळते, पण आवाज उशिरा ऐकू येतो. हा उशीर म्हणजे लेटन्सी.

गणित साधं आहे. सेकंदाला ४८,००० सॅम्पल, म्हणजे आवाजाची मोजमापं, असतील, तर २५६ सॅम्पलच्या बफरला सुमारे ५.३ मिलिसेकंद लागतात, १०२४च्या बफरला २१.३. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर हा स्पीकर साडेतीन मीटर लांब ठेवल्यासारखा, आणि तो सहज चालतो. २० ओलांडले की कीबोर्डवर वेगाने वाजवणाऱ्याला किंवा बोटांनी वाजवायच्या ड्रम-पॅडवर द्रुत लयीत तबल्याचे बोल काढणाऱ्याला बोटं आणि कान यांत अंतर जाणवू लागतं. ५०च्या पुढे वाजवणं जवळजवळ अशक्य. गिटार किंवा माइक वापरत असाल तर आत येताना एक बफर आणि बाहेर जाताना किमान एक, असा दुहेरी उशीर धरायचा. ब्लूटूथ हेडफोन लावून हे प्रयोग करूच नयेत. ते एकटेच शंभर-दोनशे मिलिसेकंद खातात, आणि दोष भलत्याच सॉफ्टवेअरला दिला जातो.

पण आधी रेकॉर्ड झालेल्या फाइली मिक्स करायच्या असतील, तर बटण दाबल्यावर गाणं ५० मिलिसेकंदांनी सुरू झालं काय आणि लगेच झालं काय, काहीच फरक पडत नाही. मिडीची चाल लिहायची, आवाज घडवायचा, फाइल काढायची, हीसुद्धा सवडीची कामं. म्हणून म्हटलं, दुसरा प्रश्न महत्त्वाचा. वाजवणाऱ्याचा मार्ग वेगळा आणि मांडणी करणाऱ्याचा वेगळा.

आधी खात्री करा

शोधायला निघालात तर बरीच नावं ‘फक्त लिनक्स’च्या जुन्या यादीतून कधीच बाहेर पडलेली आढळतील. हायड्रोजन हे ड्रम मशीन, गाणी रचायचं एलएमएमएस, प्लगइन (दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आत बसणारी वाद्यं आणि इफेक्ट) चालवणारं कार्ला, ही सगळी विंडोज आणि मॅकवर मिळतात. आर्डरचा प्रवास तर नीट समजून घेण्यासारखा आहे. आधी ते जॅकशिवाय उघडतच नसे. मग त्याच्या लेखकांनी ध्वनिव्यवस्थेशी बोलणारा भाग वेगळा काढला. २०१५च्या आर्डर ४पासून जॅक ऐच्छिक झालं आणि २०१६च्या आर्डर ५पासून विंडोजची अधिकृत आवृत्ती आली. आतलं संगीताचं काम तेच राहिलं, बदलला तो दाराशी बोलणारा थर. आर्डरचा कोड खुला आहे, तयार बांधलेल्या प्रोग्रॅमसाठी मात्र ते पैसे मागतात. ते देण्यात काही गैर नाही. त्यावरच तो प्रकल्प उभा आहे.

योशिमीच्या बाबतीतही एक दार उघडं आहे. योशिमी २००९च्या सुमारास झिनअ‍ॅडसबएफएक्स या सिंथेसायझरातून फुटून निघालं, आणि मूळ झिन आजही विंडोज व मॅकवर मिळतं. रोमानियाच्या नास्का ऑक्टाव्हियान पॉल यांनी ते लिहिलं. दोघांची आवाज घडवण्याची तीन इंजिनं सारखीच: स्वर मिळवून बांधणारं अ‍ॅडसिंथ, गोंगाटातून नको ते गाळणारं सबसिंथ, आणि ते रुंद, तरंगते पॅड देणारं पॅडसिंथ. दोघांच्या वाद्य-फाइली एक्सआयझेड प्रकारच्या, म्हणजे आत दाबून ठेवलेला साधा एक्सएमएल मजकूर. त्यामुळे योशिमीतला आवडलेला आवाज झिनमध्ये उघडून पाहता येतो. हुबेहूब तसाच वाजेल याची हमी नाही, कारण योशिमीने नंतर स्वतःच्या सोयी वाढवल्या, पण पुष्कळदा काम तिथेच संपतं. गिटारवाल्यांनी याच न्यायाने न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर पाहावं. तेही खुलं आहे आणि विंडोज-मॅकवर प्लगइन म्हणून चालतं.

इथे दोन गैरसमज वारंवार दिसतात. पहिला एलव्ही२ प्लगइनांबद्दल. एलव्ही२ हा खुला प्लगइन-प्रकार आहे आणि आर्डर, कार्ला व रीपर हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर यांना तो कळतो, अगदी विंडोजवरही. पण म्हणून लिनक्ससाठी बांधलेलं एलव्ही२ प्लगइन उचलून विंडोजच्या फोल्डरमध्ये टाकलं तर ते चालणार नाही. प्लगइनचा प्रकार तोच असला तरी ते प्रत्येक सिस्टीमसाठी वेगळं कंपाइल करावं लागतं. दुसरा गैरसमज वाइनबद्दल. वाइन आणि यब्रिज ही साधनं विंडोजचे प्रोग्रॅम व प्लगइन लिनक्सवर चालवतात. आपल्याला हवं त्याच्या हे बरोबर उलट आहे.

स्वतः कंपाइल करायची तयारी असेल तर मॅकवर होमब्रू किंवा मॅकपोर्ट्स आणि विंडोजवर एमएसवायएस२ या साधनांतून लागणाऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे कोडचे तयार भाग, मिळतात. जॅकही होमब्रूतून बसवता येतं. नुसत्या जॅकला बांधलेल्या, छोट्या प्रोग्रॅमसाठी हा मार्ग वाजवी आहे. आल्सा सिक्वेन्सरवाल्यांसाठी नाही. तिथे कोड बदलावा लागेल, आणि ते प्रोग्रॅमरचं काम.

विंडोजच्या आत लिनक्स

आता समजा, पर्याय नाही, तोच प्रोग्रॅम हवा आहे. विंडोजवर पहिलं नाव निघतं डब्ल्यूएसएलचं, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या सोयीचं. त्याच्या दुसऱ्या पिढीत खरं लिनक्स कर्नल एका हलक्या आभासी यंत्रात, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात, चालतं, आणि विंडोज ११च्या सुमारास त्यात खिडक्या व आवाजाची सोय आली. पण आवाज कसा जातो ते पाहा. प्रोग्रॅम पल्सऑडिओकडे देतो, पल्सऑडिओ तो रिमोट डेस्कटॉपच्या वाहिनीतून विंडोजकडे पाठवतो, विंडोज आपल्या मिक्सरमधून कार्डाकडे. म्हणजे दूरचा संगणक पडद्यावर पाहण्यासाठी केलेली व्यवस्था आपण वाद्यासाठी वापरतो आहोत. लिनक्सला खरं साउंड कार्ड दिसतच नाही. आल्सासाठीचा आवाज पल्सऑडिओकडे वळवणारं प्लगइन मिळतं, त्यामुळे ऐकू येतं. पण यूएसबी कीबोर्ड आपोआप आत पोचत नाही, आणि आल्सा सिक्वेन्सरही तिथल्या कर्नलमध्ये सहसा हजर नसतो. म्हणून फाइलींवर प्रक्रिया करायला, ठरावीक फाइली रेंडर करायला डब्ल्यूएसएल छान. वाजवायला नाही.

पूर्ण आभासी यंत्र, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्स किंवा मॅकवर यूटीएम, हा याहून बरा पर्याय आहे, आणि त्याचं कारण आपण वर पाहिलेल्या बांधणीतच आहे. हे यंत्र लिनक्सला एक खोटं साउंड कार्ड दाखवतं. आल्साला ते खरंच वाटतं, त्याच्यावर जॅक उभं राहतं, आल्सा सिक्वेन्सरही असतो. क्यूट्रॅक्टर, रोझगार्डन, योशिमी निमूटपणे उघडतात. एम मालिकेच्या मॅकवर यंत्रात एआरएमसाठीचं, म्हणजे त्या मॅकच्या प्रोसेसरच्या प्रकाराचं, लिनक्स घ्यायचं. डेबियन या लिनक्सच्या आवृत्तीत यातले बहुतेक प्रोग्रॅम एआरएमसाठी तयार मिळतात. इंटेलचं लिनक्स तिथे नक्कल करून चालवायला गेलात तर इतकं हळू चालेल की आवाजाचा विचारच सोडावा लागेल.

मर्यादा वेळेची. वाद्यासाठी लागणारी तत्परता लिनक्समध्ये आहे. प्रत्यक्ष-वेळेची हमी देणारे प्रीएम्प्ट-आरटीचे बदल अनेक वर्षं बाहेर राहून अखेर २०२४मध्ये ६.१२ कर्नलच्या मुख्य कोडमध्ये आले. पण आभासी यंत्रातलं लिनक्स कितीही तत्पर असलं, तरी यजमान विंडोज त्या अख्ख्या यंत्रालाच क्षणभर बाजूला ठेवू शकतो, आणि आतल्याला त्याचा पत्ता नसतो. म्हणून इथे बफर १०२४ किंवा २०४८ ठेवा आणि शांतपणे मांडणी करा. यूएसबी इंटरफेस, म्हणजे माइक-गिटार जोडायचं बाहेरचं साउंड कार्ड, थेट आभासी यंत्राच्या ताब्यात देण्याची सोय असते, पण आवाजाचा यूएसबी प्रवाह वेळेला बांधलेला असल्याने त्यात खरखर येण्याची शक्यता बरीच. मिडी कीबोर्ड मात्र असा दिला तर सहसा चांगला चालतो, कारण त्याची माहिती अगदी थोडी असते.

वाजवायचं असेल तर

मग आभासी काही नको. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा. उबंटू स्टुडिओ, एव्ही लिनक्स, फेडोरा जॅम या संगीतासाठीच्या लिनक्स-आवृत्त्यांत जॅक किंवा पाइपवायर, आर्डर, क्यूट्रॅक्टर असं पुष्कळ काही आधीच बसवलेलं असतं. लॅपटॉपच्या डिस्कला हात न लावता तोच लॅपटॉप तासाभरासाठी पूर्ण लिनक्सचा होतो, साउंड कार्ड खरं, कर्नल खरं. यूएसबी इंटरफेस ‘क्लास कंप्लायंट’, म्हणजे यूएसबीच्या ठरलेल्या सामाईक पद्धतीने चालणारा, असेल तर लिनक्सवर त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. २५६ किंवा १२८च्या बफरवर वाजवता येणं इथे सामान्य गोष्ट आहे. आवडलं तर मग डिस्कवर जागा करून द्या.

त्याआधी दोन गोष्टी सांभाळा. विंडोजवर बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवण्याची सोय, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, कारण सुरू होण्याची सेटिंग बदलली की ती मागितली जाऊ शकते. आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं तर ‘बंद’ केलेलं विंडोज खरं बंद झालेलं नसतं, आणि लिनक्समधून त्याच्या डिस्कवर लिहिणं धोक्याचं ठरतं. मॅकवाल्यांसाठी हा मार्ग अरुंद आहे. इंटेलच्या मॅकवर शक्य, टी२ ही सुरक्षेची चिप असेल तर बाहेरून सुरू करण्याची परवानगी आधी द्यावी लागते आणि ड्रायव्हरची खटपटही येते. एम१ आणि एम२ मॅकवर नेहमीचा पेन ड्राइव्ह चालत नाही, तिथे ‘असाही लिनक्स’ (Asahi) नावाचा प्रकल्प आहे. त्या मंडळींनी मॅकबुकच्या स्पीकरांचा आवाज सुधारण्यासाठी पाइपवायरमध्ये एलव्ही२ प्लगइनच लावली आहेत. छंदाचं समजलं जाणारं हे तंत्र लॅपटॉपच्या रोजच्या आवाजामागे उभं आहे, हे पाहून मला फार आनंद होतो.

आणखी एक मार्ग आहे, आणि मंचावर वाजवणाऱ्यांना मी तोच सुचवेन. आपला लॅपटॉप आहे तसा ठेवा, लिनक्सला स्वतंत्र डबा द्या. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर झिंथियान हा खुला प्रकल्प बसवला की त्याचं एक वाद्य बनतं. झिन आणि ढीगभर एलव्ही२ प्लगइन आत, मिडी कीबोर्ड एका बाजूने, आवाजाची तार दुसऱ्या बाजूने. ‘मॉड’ नावाने मिळणाऱ्या गिटार-पेडलांच्या आतही लिनक्स, जॅक आणि एलव्ही२च आहे. त्या तारेतून येणारा आवाज विंडोज किंवा मॅकवरचं कुठलंही सॉफ्टवेअर रेकॉर्ड करू शकतं. आल्सा, कोअर ऑडिओ, एसिओ यांच्या भानगडीत कुणालाच पडावं लागत नाही.

दोन सिस्टीमांत काम वाटलं की फाइलींची ने-आण आली. प्रकल्पाची फाइल दुसरीकडे उघडेल या भरवशावर राहू नका. प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या अगदी सुरुवातीपासून, आधीची शांतता धरून, वेगळी डब्ल्यूएव्ही फाइल म्हणून काढा, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे शून्यावर ठेवले की आपोआप जुळतात. सॅम्पल रेट दोन्हीकडे एकच ठेवा, ४८,००० तर ४८,०००. मिडीची चाल वेगळ्या मिडी फाइलमध्ये आणि वाद्यांच्या एक्सआयझेड फाइली सोबत. पेन ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा. तो तिन्ही सिस्टीमांना वाचता-लिहिता येतो, आणि जुन्या फॅट३२मधली चार जीबीची मर्यादा लांबलचक मैफलीच्या रेकॉर्डिंगला आडवी येत नाही.